कक्षेपर्यंतचं भाडं

एक किलो वजनाची वस्तू जमिनीवरून उचलून ४०० किलोमीटर उंचीवरच्या कक्षेत फिरती ठेवायची, तर तिला ऊर्जा किती द्यावी लागेल? गणित अकरावीच्या भौतिकशास्त्रातलं आहे. उंचीची स्थितिज ऊर्जा आणि वेगाची गतिज ऊर्जा यांची बेरीज केली की साधारण ३३ मेगाज्यूल येतात, म्हणजे विजेचे सव्वानऊ युनिट. महावितरणच्या घरगुती दराने शंभरेक रुपयांचं बिल. प्रत्यक्षात आज बाजारात जी स्वस्तातली सोय आहे, स्पेसएक्सच्या फाल्कन ९ वर इतर उपग्रहांसोबत जागा वाटून घेण्याची, तिथेही किलोमागे ६,००० डॉलरच्या वर मोजावे लागतात. पाच लाख रुपयांहून अधिक.

या दोन आकड्यांमधली दरी पाहून गेली साठ-सत्तर वर्षं बरेच हुशार लोक एकाच निष्कर्षाला येत राहिले: दोष अग्निबाणाचा आहे, त्याला बगल द्या, भाडं आपोआप उतरेल. मग कुणी तोफ काढली, कुणी गोफण, कुणी विमानाच्या पोटाखाली अग्निबाण टांगला, कुणी लेझरचा झोत मागून सोडला, कुणी थेट आकाशातून दोर खाली सोडायचं ठरवलं. यांतली एकही कल्पना निसर्गनियमांच्या विरुद्ध जात नाही. तरीही १९५७च्या स्पुटनिकपासून आजवर पृथ्वीवरून कक्षेत गेलेली एकूण एक वस्तू शेवटी अग्निबाणाच्याच जोरावर गेली. असं का झालं ते पाहायचं तर प्रत्येक कल्पनेला दोन प्रश्न विचारावे लागतात. अग्निबाणाच्या कामातलं नेमकं किती काम तू करणार? आणि तुझा खर्च कोण भरणार?

आधी ते काम. अंतराळ फार उंच आहे ही आपली समजूत असते, आणि तिथेच पहिली चूक होते. शंभर किलोमीटर सरळ वर गेलं की अंतराळाची रूढ सीमा लागते. तिथपर्यंत जाणं तुलनेने सोपं, पण गेलेली वस्तू तशीच परत खाली येते. तिथे टिकायचं असेल तर आडवं धावावं लागतं, सेकंदाला पावणेआठ किलोमीटर, म्हणजे ताशी जवळपास २८,००० किलोमीटर वेगाने. वस्तू पडत तर सतत असतेच, पण ती जेवढी पडते तेवढीच पृथ्वीची वक्र पाठही तिच्याखालून दूर सरकत जाते. मघाच्या ३३ मेगाज्यूलमध्ये उंचीचा वाटा जेमतेम पावणेचार आहे. बाकीचा सगळा खर्च वेगाचा.

एवढं लक्षात आलं की एक कल्पना लगेच बाद होते, फुग्याची. हैदराबादला टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं फुगे सोडण्याचं केंद्र आहे, तिथले फुगे ३०-४० किलोमीटर उंची गाठतात. तिथे पोचलं की ९९ टक्के हवा पायाखाली राहते. जेम्स व्हॅन ॲलन यांनी १९५०च्या दशकात फुग्याला छोटे अग्निबाण टांगून वर नेले आणि तिथून पेटवले. वैश्विक किरण मोजायला ही युक्ती झकास होती. पण कक्षेच्या हिशेबात फुगा हवेचा अडथळा तेवढा कमी करतो. आडव्या वेगाची पाटी कोरीच राहते.

अग्निबाणाची अडचणही नीट समजून घ्यायला हवी, कारण सगळा मोह तिथूनच सुरू होतो. हवेचा विरोध आणि वर चढताना गुरुत्वाकर्षणाशी चाललेली झोंबाझोंबी धरली, तर अग्निबाणाला एकूण सुमारे ९.४ किलोमीटर प्रतिसेकंद वेगाची कमाई करावी लागते. केरोसीन आणि द्रवरूप ऑक्सिजन जाळून मागे फेकलेला वायू धावतो सेकंदाला सव्वातीन किलोमीटरच्या आसपास. या दोन वेगांचं गुणोत्तर घातांकात बसतं, हे रशियन शिक्षक कॉन्स्टँटिन त्सिओल्कोव्स्की यांनी १९०३मध्ये मांडलं. आकडे घातले की उत्तर येतं सतरा: कक्षेत जे काही पोचणार त्याच्या सतरापट वजन जमिनीवरून निघालं पाहिजे. त्यातही पोचणाऱ्या वजनात टाक्या, इंजिनं, सांगाडा हे सगळं आलंच. आपल्या पीएसएलव्हीचं उड्डाणाच्या वेळचं वजन ३२० टन असतं, आणि ६०० किलोमीटरच्या ध्रुवीय कक्षेत तो नेतो १,७५० किलो. शेकडा अर्ध्याच्या जरासं वर.

आता मोह असा. घातांक जसा छळतो तसा उलट दिशेने पावतोही. ९.४ पैकी फक्त दोन किलोमीटर वेग कुणी बाहेरून, फुकट दिला, तर सतराचे साडेनऊ होतात. पाचव्या हिश्श्याची मदत आणि वजन जवळजवळ निम्मं. तोफवाल्यांना खुणावलं ते याच आकड्याने.

तोफेने अंतराळात जायची गोष्ट ज्यूल व्हर्नने १८६५मध्येच कादंबरीत रंगवली होती. ती प्रत्यक्षात आणायला निघाला जेराल्ड बुल नावाचा कॅनेडियन अभियंता. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात असताना त्याने अमेरिकी नौदलाच्या युद्धनौकांवरच्या जुन्या १६ इंची तोफा मिळवल्या आणि त्यातली एक कॅरिबियनमधल्या बार्बाडोस बेटावर नेऊन बसवली. जागा विचारपूर्वक निवडलेली होती. पूर्वेला मोकळा समुद्र, आणि अक्षांश १३, म्हणजे पृथ्वीच्या स्वतःभोवती फिरण्याचा वेग जवळजवळ पुरता पदरात पडणार. श्रीहरिकोटाही साधारण त्याच अक्षांशावर आहे, आणि कारणही तेच. नळीच्या आतले आटे घासून ती गुळगुळीत केली, पुढे तिला दुसरी नळी जोडून लांबी ३६ मीटर केली. नळीपेक्षा बारीक, शेपटीला पंख असलेलं 'मार्टलेट' नावाचं बाणासारखं यान लाकडी खोळीत बसवून आत सरकवायचं. बार उडाला की खोळीचे तुकडे बाजूला गळून पडत आणि मार्टलेट एकटं वर जाई. आजूबाजूच्या वस्तीतली घरं हादरत.

पहिला बार जानेवारी १९६३मध्ये झाला. मार्टलेटमधून वर सोडलेल्या रसायनाचा चकाकता पट्टा आकाशात पसरे. तो वाऱ्याने कसा सरकतो याची छायाचित्रं घेऊन उच्च वातावरणातले वारे मोजत. त्याच वर्षी २१ नोव्हेंबरला केरळात थुंब्याच्या किनाऱ्यावरून भारताचा पहिला अग्निबाण उडाला. अमेरिकेने दिलेल्या त्या नाइकी-अपाचीमध्येही सोडियमच्या वाफेचा ढग सोडायची सोय होती, आणि मोजायचं होतं तेही हेच, उंचावरचे वारे. विक्रम साराभाईंनी अग्निबाणाची वाट धरली, बुलने तोफेची. त्या वेळी तोफ स्वस्त दिसत होती. तिच्या एका बाराचा खर्च काही हजार डॉलरच्या घरात होता.

१८ नोव्हेंबर १९६६ रोजी ॲरिझोनातल्या युमा इथल्या तशाच तोफेने मार्टलेट १८० किलोमीटर उंच फेकलं. नळीतून बाहेर पडताना वेग होता सेकंदाला २.१ किलोमीटर. अंतराळाची सीमा ओलांडून हा गोळा ८० किलोमीटर पुढे गेला आणि परत आला. छत्तीस मीटरमध्ये एवढा वेग पकडायचा म्हणजे सरासरी ६,००० जी, गुरुत्वाकर्षणाच्या सहा हजार पट जोर. माणूस तर सोडाच, एखादी सैल सोल्डरिंगची तारही त्यात टिकणार नाही. बुलच्या लोकांनी इलेक्ट्रॉनिक्सचे सुटे भाग इपॉक्सीत ओतून घट्ट गोठवले आणि रेडिओ त्यातून जिवंत वर गेले. माझ्या मते त्या सगळ्या प्रकल्पातला सर्वांत टिकाऊ धडा हाच आहे, पण गोष्ट सांगताना तो सहसा मागे पडतो.

कक्षेचं काय? त्यासाठी मार्टलेटच्या पोटातच अग्निबाण बसवायचा बेत होता. इथे एक बारकावा आहे. जमिनीवरून फेकलेली वस्तू कितीही वेगाने फेका, तिला वाटेत दुसरा धक्का बसला नाही तर तिच्या कक्षेची वाट पुन्हा फेकल्या ठिकाणावरूनच जाते, म्हणजे एक फेरी होता होता ती जमिनीवर आदळते. न्यूटनने आपल्या काल्पनिक तोफेला अतिउंच डोंगरावर चढवलं होतं, ते यासाठीच. तेव्हा तोफ कितीही दमदार असो, वर गेल्यावर कक्षा गोल करायला छोटा का होईना, अग्निबाण लागतोच. आणि तो तोफेतून उडताना चुरगळता कामा नये. घन इंधन, मजबूत कवच, वर पोचल्यावर दिशा ओळखून योग्य क्षणी पेट घेणारी यंत्रणा, हे सगळं ६,००० जी सोसून. बुल त्या टप्प्याच्या बराच जवळ आला होता. तेवढ्यात १९६७मध्ये कॅनडा सरकारने पैसा थांबवला.

पुढची कहाणी विज्ञानाची उरत नाही. बुल तोफा विकू लागला, दक्षिण आफ्रिकेला बेकायदा शस्त्रपुरवठा केल्याबद्दल अमेरिकेत तुरुंगात गेला, आणि शेवटी सद्दाम हुसेनच्या इराकसाठी १५६ मीटर लांब, एक मीटर व्यासाच्या नळीची तोफ उभारू लागला. २२ मार्च १९९० रोजी ब्रसेल्समध्ये त्याच्या घराच्या दारात त्याला गोळ्या घातल्या. मारेकरी कधीच सापडले नाहीत. थोड्याच दिवसांत ब्रिटिश कस्टम्सने इराककडे निघालेले त्या नळीचे पोलादी तुकडे बंदरात पकडले. तेलवाहिनीचे पाइप म्हणून कागदोपत्री त्यांची नोंद होती.

तोफेत दारूच्या वायूलाच मर्यादा आहे: तो स्वतः जड, त्यामुळे त्याचा प्रसरणाचा वेग एका हद्दीपलीकडे जात नाही. म्हणून हलका वायू वापरायचा. कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत जॉन हंटरने १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला मिथेनच्या स्फोटाने दट्ट्या ढकलून हायड्रोजन दाबणारी तोफ बांधली. तिने पाच किलोचा गोळा सेकंदाला तीन किलोमीटर वेगाने फेकला. कक्षेपर्यंतची मोठी तोफ बांधायला मात्र पैसे मिळाले नाहीत.

धक्का कमी करायचा तर लांबी वाढवा, असं कुणी म्हणेल. गणित सरळ आहे. माणसाला सोसेल अशा तीन जीच्या जोराने सेकंदाला आठ किलोमीटर वेग गाठायचा तर रुळाची लांबी होते हजार किलोमीटरच्या वर. मुंबई-नागपूर लोहमार्ग साडेआठशेच्या आत आहे. १,००० जी चालणार असतील तर सव्वातीन किलोमीटर पुरतात, पण मग त्या टोकाला, समुद्रसपाटीच्या दाट हवेत आठ किलोमीटर प्रतिसेकंदाने शिरणाऱ्या वस्तूची आच विचारू नका. अवकाशयानं परतताना ज्या हवेत तापून लाल होतात, ती हवा ६०-७० किलोमीटर उंचीवरची, अतिविरळ असते.

लांबी नको असेल तर गोल फिरवा. २०१४मध्ये स्थापन झालेल्या स्पिनलाँच या अमेरिकी कंपनीने हेच केलं. न्यू मेक्सिकोत त्यांचा ३३ मीटर व्यासाचा पोलादी डबा उभा आहे. बाजूने पाहिलं तर प्रचंड थाळी कडेवर उभी केल्यासारखी. आतली हवा उपसून काढतात, मग कार्बन तंतूंचा हात विजेच्या मोटरने गरगरा फिरवतात. हाताच्या टोकाला तीन मीटरचं भाल्यासारखं यान. हवा नसल्यामुळे घर्षण नाही, म्हणून वेग सावकाश वाढवता येतो आणि प्रचंड क्षणिक शक्ती लागत नाही. तोफेवर केलेली ही खरी मात. नेमक्या क्षणी पकड सुटते, यान वर रोखलेल्या नळीत शिरतं, तोंडावरचा पातळ पडदा फाडून बाहेरच्या हवेत येतं. गोफणच ती, फक्त दगड सुटल्यावर गोफण फिरवणाऱ्याचा तोल जाऊ नये याची काळजी इथे करोडोंची आहे. एका टोकाचं वजन सुटलं की हात असंतुलित होऊन धुरा उखडू शकतो, म्हणून दुसऱ्या टोकाचं प्रतिवजनही सोडून द्यावं लागतं.

ऑक्टोबर २०२१ ते सप्टेंबर २०२२ या काळात त्यांनी दहा चाचण्या केल्या. शेवटच्या चाचणीत नासासह इतर संस्थांची उपकरणं होती आणि ती सुखरूप परत मिळाली. कक्षेसाठी बेत होता शंभर मीटरच्या यंत्राचा. सेकंदाला दोन किलोमीटरच्या वर वेग, आणि पन्नास मीटर त्रिज्येवर त्याचा अर्थ सुमारे १०,००० जी. पुढचं सगळं काम यानाच्या पोटातल्या अग्निबाणांनी करायचं. म्हणजे साठ वर्षांनी, विजेवर चालणारी आणि कितीतरी सुबक अशी, बुलचीच तोफ. १०,००० जी हा आकडा ऐकायला अशक्य वाटला तरी तोफेतून उडणारे मार्गदर्शित गोळे त्याहून जास्त सोसतात. उपग्रह मात्र तसे बांधायला हवेत. सौरपट्ट्या, आरसे, घडीचे अँटेना, इंधनाच्या टाक्या, सगळं नव्याने. गिऱ्हाइकाला आपला माल बदलायला सांगणारी वाहतूक कंपनी, अशी ही अवघड बाजू. अलीकडे स्पिनलाँचने आपलं लक्ष स्वतःचे दळणवळण उपग्रह तयार करण्याकडे वळवलं आहे.

विमानाची कथा याच्या उलट: अडचण यंत्रात नव्हती, फायद्यातच होती. ५ एप्रिल १९९० रोजी बी-५२ बाँबफेकी विमानाच्या पंखाखालून सुटलेला पेगॅसस कक्षेत पोचला तेव्हा स्वस्त प्रक्षेपणाचं युग आलंच, असं वाटलं होतं. पण विमान देतं काय? बारा किलोमीटर उंची आणि सेकंदाला पाव किलोमीटर वेग. ९.४ मधले ०.२५. तेवढ्यासाठी एक मोठं विमान, वैमानिक, धावपट्टी, देखभाल असा सगळा संसार वर्षभर सांभाळायचा, आणि उड्डाणं वर्षातून एखाद-दुसरी. खरे फायदे वेगळेच आहेत: हवामान टाळता येतं, विषुववृत्तावर जाऊन सोडता येतं. त्यांची किंमत मोजणारं गिऱ्हाईक मात्र विरळा. नासाने आयकॉन उपग्रहासाठी पेगॅसस घेतला तेव्हा करार ५ कोटी ६० लाख डॉलरच्या वर गेला होता, आणि पेगॅससची क्षमता आहे साडेचारशे किलोच्या आत. पुढे क्ष-किरणांचं ध्रुवीकरण मोजणारी आयएक्सपीई ही दुर्बीण पेगॅससच्या मापाने आखली होती. २०१९मध्ये नासाने तिच्यासाठी चक्क अख्खा फाल्कन ९ घेतला, ५ कोटी ३ लाख डॉलरला. वीस टन उचलू शकणाऱ्या अग्निबाणावर जेमतेम ३३० किलोची ती दुर्बीण एकटी बसून गेली, आणि तरी ते स्वस्त पडलं. या विषयावरची डझनभर व्याख्यानं एवढं सांगत नाहीत, जेवढं हा एक सौदा सांगतो.

मायक्रोसॉफ्टचे सहसंस्थापक पॉल ॲलन यांनी बांधवलेलं ११७ मीटर पंखांचं स्ट्रॅटोलाँच विमान त्यांच्या मृत्यूनंतर, एप्रिल २०१९मध्ये पहिल्यांदा उडालं आणि पुढे अतिध्वनिवेगी चाचण्यांच्या कामाला लागलं. रिचर्ड ब्रॅन्सन यांच्या व्हर्जिन ऑर्बिटने जुन्या ७४७ च्या पंखाखालून उपग्रह सोडले, काही उड्डाणं नीट झाली. जानेवारी २०२३मध्ये ब्रिटनच्या कॉर्नवॉलमधून सोडलेला अग्निबाण इंधनातली एक गाळणी जागची हलल्यामुळे पडला, आणि एप्रिलमध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली.

हवेतलाच ऑक्सिजन वापरणाऱ्या इंजिनांबद्दल आपल्याकडे बरंच कौतुकाने बोललं जातं. इस्रोने २८ ऑगस्ट २०१६ रोजी श्रीहरिकोटाहून स्क्रॅमजेटची चाचणी केली. ध्वनीच्या सहापट वेगात, जिथे हवा इंजिनातून मिलिसेकंदांत निघून जाते, तिथे पाच सेकंद ज्योत टिकवून धरली. अभियांत्रिकी म्हणून ही कामगिरी खरोखर मोठी आहे. स्वस्ताईचा मार्ग म्हणून मला तिच्याबद्दल शंका वाटते. केरोसीनच्या अग्निबाणात भरलेल्या वजनातला ७० टक्के भाग ऑक्सिजनचा असतो हे खरं, पण द्रवरूप ऑक्सिजन ही अग्निबाणातली सर्वांत स्वस्त वस्तू आहे. ती वाचवायला जगातलं सर्वांत अवघड इंजिन घ्यायचं, आणि हवा मिळावी म्हणून जिथून लवकर बाहेर पडायचं त्याच वातावरणात तापत रेंगाळायचं. अमेरिकेने १९८६मध्ये मोठा गाजावाजा करून सुरू केलेलं एक्स-३० विमान १९९३मध्ये कागदावरच संपलं. इंजिनात शिरणारी तप्त हवा क्षणार्धात थंड करण्याचं विलक्षण यंत्र बनवणारी ब्रिटनची रिॲक्शन एंजिन्स ऑक्टोबर २०२४मध्ये बंद पडली.

लेझरचं थोडक्यात सांगतो. इंजिन जमिनीवर ठेवायचं आणि ऊर्जा तेवढी झोताने वर पाठवायची, ही कल्पना आर्थर कँट्रोविट्झ यांनी १९७२मध्ये मांडली. ऑक्टोबर २०००मध्ये लीक मिराबो यांचं तळहाताएवढं, भोवऱ्यासारखं फिरतं यान १० किलोवॉटच्या लेझरवर ७१ मीटर चढलं. तेरा सेकंदांच्या आत खेळ आटोपला. कक्षेसाठी किलोमागे साधारण एक मेगावॉट हा या क्षेत्रातला ठोकताळा. शंभर किलोला शंभर मेगावॉटचा अखंड झोत, तोही शेकडो किलोमीटरवरच्या पळत्या लक्ष्यावर नेम धरून. असं लेझर आज कुणाकडेही नाही.

राहिला दोर. आयफेल टॉवर पाहून त्सिओल्कोव्स्की यांच्या मनात १८९५मध्ये आकाशापर्यंतचा मनोरा उभा राहिला. १९६०मध्ये युरी आर्त्सुतानोव्ह या लेनिनग्राडच्या अभियंत्याने ती कल्पना उलटी केली: मनोरा खालून बांधू नका, विषुववृत्तावर ३५,७८६ किलोमीटर उंचीवरून दोर खाली सोडा. त्या उंचीवर फेरीला एक दिवस लागतो, त्यामुळे दोर जमिनीच्या एकाच बिंदूवर टांगलेला राहील, आणि तोल साधायला दोर किंवा वजन वरच्या बाजूलाही न्यायचं. श्रीलंकेत स्थायिक झालेल्या आर्थर क्लार्क यांनी १९७९मध्ये 'द फाउंटन्स ऑफ पॅराडाइज' ही कादंबरी याच दोरावर बेतली आणि कल्पना घराघरांत पोचली. तोफ, गोफण, विमान हे सगळे अग्निबाणाचे मदतनीस. दोर मात्र त्याला पुरताच घरी बसवतो. गाडी विजेवर चढेल, धक्का नाही, आच नाही. ताशी २०० किलोमीटरने चढलं तर आठवडाभरात वर.

घोडं अडतं ते दोराच्या ताकदीवर. कोणताही दोर नुसता टांगला तर एका लांबीनंतर स्वतःच्याच वजनाने तुटतो. उत्तम पोलादाची तार २५-३० किलोमीटरवर तुटेल, केव्हलार अडीचशेवर. आकाशदोराला, उंचीबरोबर घटत जाणारं गुरुत्वाकर्षण हिशेबात धरूनही, जवळपास ४,९०० किलोमीटरपर्यंत न तुटण्याची ताकद लागते. दोर वर जाड आणि खाली बारीक केला की ही अट सैल होते, पण पोलादाच्या बाबतीत वरच्या जाडीचा आकडा हास्यास्पद होतो. १९९१नंतर कार्बनच्या नॅनोनळ्यांनी आशा जागवली. त्यांची सैद्धांतिक ताकद या कामाला पुरते. २०१३मध्ये बीजिंगच्या त्सिंगुआ विद्यापीठात अशी सर्वांत लांब नळी वाढवली, ती अर्धा मीटर होती. जपानच्या ओबायाशी या बांधकाम कंपनीने २०१२मध्ये ९६,००० किलोमीटरचा दोर २०५०पर्यंत उभा करायचा आराखडा जाहीर केला. अर्ध्या मीटरपासून तिथपर्यंतची वाट कुणी दाखवलेली नाही. शिवाय भूस्थिर कक्षेखालचा प्रत्येक उपग्रह आणि कचऱ्याचा प्रत्येक तुकडा फेरीगणिक विषुववृत्त ओलांडतो, म्हणजे आज ना उद्या दोराच्या वाटेत येतोच.

मग शंभराचे पाच लाख होतात कुठे? फाल्कन ९ च्या एका उड्डाणाचं इंधन साधारण दोन-तीन लाख डॉलरचं, आणि उड्डाणाचा दर सात कोटींच्या घरात. इंधन अर्ध्या टक्क्याच्याही आत. तोफवाले, स्क्रॅमजेटवाले, लेझरवाले सगळे ज्या वजनाशी आणि इंधनाशी लढत होते, तिथे पैसा जातच नव्हता. तो जात होता एकदा वापरून समुद्रात टाकायच्या यंत्रात, आणि वर्षातून चार उड्डाणांसाठी बारा महिने पोसायच्या हजारो माणसांत. यंत्र परत आणणंही एकटं पुरत नाही. अमेरिकेचं स्पेस शटल परत येत होतं, पण प्रत्येक फेरीनंतर त्याची इतकी डागडुजी करावी लागे की १९८१ ते २०११ या तीस वर्षांत एकूण १३५ उड्डाणं झाली. फाल्कनची २०२४ या एकाच वर्षात १३०हून अधिक झाली.

एवढी उड्डाणं कुणासाठी? बहुतेक स्पेसएक्सच्याच स्टारलिंक उपग्रहांसाठी. खरी कोंडी फुटली ती इथे. शंभर मीटरची गोफण किंवा किलोमीटरभर लांब तोफ यांचा भांडवली खर्च हजारो फेऱ्यांवर वाटला गेला तरच दर उतरतो. तेवढा माल आज नाही, आणि दर उतरल्याशिवाय येणारही नाही. त्यात जमिनीत रुतलेली तोफ एकाच दिशेला तोंड करून बसलेली, म्हणजे ठरावीक कलाच्याच कक्षा देणारी. स्पेसएक्सने चालू यंत्रावर सुरुवात केली, २०१५च्या डिसेंबरमध्ये पहिला टप्पा परत उतरवला, आणि नंतर स्वतःच स्वतःचं गिऱ्हाईक झाली. इस्रोचं 'पुष्पक' हे पंख असलेलं यान २०२३ आणि २०२४मध्ये कर्नाटकात चित्रदुर्गजवळच्या धावपट्टीवर तीनदा आपसूक उतरलं, त्यामागचा विचारही यंत्र परत आणण्याचाच आहे.

तोफांच्या आणि गोफणींच्या आराखड्यांना रद्दीत काढायची घाई मात्र करू नये. चंद्रावर हवा नाही, म्हणजे आच नाही आणि नळीच्या तोंडावर पडदाही नको. तिथे पृष्ठभागाजवळच्या कक्षेचा वेग आहे सेकंदाला १.७ किलोमीटर. युमाच्या तोफेने १९६६मध्येच त्याहून जास्त वेग दिला होता. १०० जी चालत असतील तर जेमतेम दीड किलोमीटरच्या विद्युतचुंबकी रुळावर हा वेग येतो, आणि चंद्रावरून पाठवायचा माल असेल तो माती, धातू, ऑक्सिजन यांसारखा, धक्क्याची पर्वा नसलेला. प्रिन्सटनचे जेरार्ड ओनील १९७०च्या दशकात असा रूळ सुचवत होते. एमआयटीत त्याचा छोटा नमुना विद्यार्थ्यांनी चालवूनही दाखवला. चंद्रावरचा दोरसुद्धा आज मिळणाऱ्या तंतूंतून विणता येईल असं गणित सांगतं. फक्त तो रूळ, त्याला वीज पुरवणारं केंद्र आणि ते जोडणारी माणसं चंद्रावर उतरवायची, तर आधी ती पृथ्वीवरून उचलावी लागतील, आणि तूर्तास ते भाडं अग्निबाणालाच द्यावं लागेल.